वाटेचा हक

‘घाबरू नका, तो काही करत नाही.’

नवी मुंबईतल्या कुठल्याही उद्यानात सकाळी सहा ते आठच्या दरम्यान गेलात तर हे वाक्य कानी पडतेच. बोलणारा माणूस बहुधा सज्जन असतो. त्याच्या हातात पट्टा असतो, पण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा नसतो. कुत्रा वीस-पंचवीस पावले पुढे कुणाच्या तरी पायाशी हुंगत उभा असतो. ज्याच्या पायाशी तो उभा असतो तो माणूस श्वास रोखून थांबलेला असतो, आणि त्याला लांबून दिलासा दिला जातो की तो काही करत नाही.

या साध्या वाक्यात नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते. सार्वजनिक वाटेवर कुणाचा हक किती? माझ्या प्रेमाच्या वस्तूपासून दुसऱ्याला त्रास होतो की नाही, हे ठरवायचे कुणी? मी, की त्या दुसऱ्याने? आपल्या मुसलमान वाचकांसाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे तहारतीचा, पाक-नापाकचा. हा पदर आपण पुष्कळदा एवढा मोठा करतो की खाली मूळ प्रश्न झाकून जातो. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी उद्यान कुणाचे ते पाहू. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीपलीकडे हे शहर आखून वसवले गेले. सेक्टर आखताना मोकळ्या जागा ठेवल्या गेल्या. वाशीचे मिनी सीशोअर, नेरुळचे रॉक गार्डन, ज्वेल ऑफ नवी मुंबईचा तलावाकाठ, खारघरचे सेंट्रल पार्क ही या शहराची अंगणे आहेत. ज्याच्या घराला अंगण आहे त्याला उद्यानाची गरज कमी. ज्याचे घर एका खोलीचे आहे, त्याच्यासाठी उद्यान ही चैन नसून घराचाच राहिलेला भाग आहे. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरातली म्हातारी, तुर्भ्याच्या वस्तीतली मुले, तळोज्याच्या इमारतीतली मधुमेह झालेली गृहिणी, ही सगळी तिथे येतात. बुरखा घालून फजरनंतर फेऱ्या मारणाऱ्या आपल्या भगिनीही आता सर्वत्र दिसतात. डॉक्टरांनी सांगितले म्हणून का होईना, घराबाहेरचा अर्धा तास त्यांच्या वाट्याला आला आहे.

आता यांपैकी एखाद्या बाईच्या अंगावर एक मोकळा कुत्रा प्रेमाने का होईना, उडी मारतो. चावत नाही, ओरबाडत नाही. मालकाचे म्हणणे शब्दशः खरे ठरते, त्याने काही केले नाही. पण ती बाई दुसऱ्या दिवशी येत नाही. तिसऱ्या दिवशीही येत नाही. तिचा अर्धा तास गेला. याची नोंद कुठे होत नाही. तक्रारवहीत काही नाही, दवाखान्यात काही नाही, वर्तमानपत्रात तर नाहीच. उद्यान तेवढेच राहते, पण एका माणसासाठी ते उरत नाही. मोकळ्या कुत्र्याने केलेले नुकसान मोजताना आपण फक्त चावे मोजतो. जे लोक येणेच सोडून देतात त्यांना कोण मोजणार?

‘काही करत नाही’ या वाक्यातली चूक इथे आहे. मालक आपल्या कुत्र्याला ओळखतो, ही खरी गोष्ट. पण वाटेवरचा माणूस त्याला ओळखत नाही, हीही तितकीच खरी गोष्ट. मालकाचे ज्ञान त्या माणसाच्या उपयोगाचे नाही. शिवाय कुत्रा त्या माणसाला ओळखत नाही. धावणारे मूल, काठी टेकत चालणारा वृद्ध, वाऱ्याने फडफडणारा बुरखा पाहून तो काय करील याची हमी खुद्द मालकही देऊ शकत नाही. दुसऱ्याच्या वतीने हमी द्यायची आणि हमी खोटी ठरली तर परिणाम तिसऱ्याने भोगायचे, हा व्यवहार बाजारात कुणी मान्य करणार नाही. उद्यानात मात्र तो रोज चालतो.

आता आपल्या घरातला पदर उलगडू.

कुत्र्याबद्दल शरियतचे म्हणणे काय, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण एका शब्दात उत्तर देतात, नापाक. उत्तर इतके सोपे नाही. हनफी मसलकात कुत्र्याची लाळ नजिस मानली आहे, पण त्याचे कोरडे अंग कपड्याला लागले म्हणून कपडा नापाक होत नाही. शाफई मसलकात कुत्रा संपूर्णच नजिस आहे. ओल्या अंगाचा स्पर्श झाला तर सात वेळा धुवावे, त्यांतील एकदा मातीने, असा नियम आहे. आपले कोकणी मुसलमान शाफई. पनवेल, उरण, तळोजे या पट्ट्यातली जुनी घरे बहुतेक त्यांचीच. मालिकी मसलकात तर जिवंत कुत्रा पाकच मानला आहे आणि भांडे सात वेळा धुणे हा आज्ञापालनाचा भाग समजला आहे. म्हणजे एकाच सफमध्ये उभ्या राहणाऱ्या दोन नमाजींचे एका कुत्र्याविषयी दोन वेगळे नियम असू शकतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

पाळण्याविषयीही असेच. शिकार, गुरे आणि शेती यांसाठी कुत्रा ठेवण्यास परवानगी आहे. त्याखेरीज ठेवला तर रोज नेकीतून काही वाटा कमी होतो, अशा हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत. घराच्या राखणीचा कुत्रा अनेक उलेमांनी कियासने त्याच परवानगीत धरला आहे. शिकवलेल्या कुत्र्याने पकडून आणलेली शिकार खाण्यास कुरआनच्या सूरह माइदामध्ये मुभा आहे. काम करणारा कुत्रा आपल्या परंपरेला कधीच परका नव्हता. मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ नावाच्या कुत्र्याने १९९३ साली कितीतरी स्फोटके हुंगून काढली. त्यामुळे ज्यांचे प्राण वाचले त्यांत सगळ्या धर्मांची माणसे असणारच.

हे झाले नियमांचे. पण नियमांपलीकडे आपल्या दीनमध्ये कुत्र्याचे जे स्थान आहे, ते आपण मुलांना सांगतो का? असहाबे कहफ गुहेत झोपले तेव्हा उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा खुद्द कुरआनमध्ये आहे. ते किती जण होते याची चर्चा येते तिथे प्रत्येक वेळी कुत्र्याचीही मोजणी होते. तहानेने व्याकूळ होऊन ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून, तो दातांत धरून वर आला, आणि तेवढ्या कृतीवर अल्लाहने त्याला क्षमा केली, ही हदीस प्रसिद्ध आहे. हजरत इब्ने उमर यांची एक रिवायत बुखारीत आहे की पैगंबरांच्या (स.) काळी कुत्रे मशिदीत येत-जात आणि म्हणून कुणी तिथे पाणी शिंपडत नसे. फकीहांनी या रिवायतीचे निरनिराळे अर्थ लावले आहेत, ते असोत. पण ज्या मशिदीत कुत्रा शिरला तर आज हाहाकार होईल, त्या मशिदीच्या मूळ नमुन्यात काय चित्र होते ते डोळ्यांसमोर आणण्यासारखे आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादच्या इब्नुल मर्जुबान या विद्वानाने तर कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे श्रेष्ठ आहेत, अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथच लिहिला.

या सगळ्यातून निघणारा मुद्दा एकच आहे. नजासत हा माझ्या नमाजचा, माझ्या कपड्याचा आणि माझ्या भांड्याचा प्रश्न आहे. तो त्या जनावराच्या गुन्ह्याचा दाखला नव्हे. कपड्याला माझे स्वतःचे रक्त लागले तरी तो धुवावा लागतो, पण म्हणून मी रक्ताचा द्वेष करत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीबाहेर पिल्लू दिसले की काही मुले दगड उचलतात. का मारतोस, असे विचारले तर उत्तर येते, ‘सर, वो तो नापाक है ना.’ एक फिक्ही नियम सातवी-आठवीच्या मुलाच्या हातात पोहोचेपर्यंत त्याचा दगड झालेला असतो. हे त्याला पुस्तकाने शिकवलेले नाही. घराने, गल्लीने, आपण मोठ्यांनी शिकवले आहे. आणि आपल्या महाराष्ट्राच्या मातीत तर शुद्ध-अशुद्ध या शब्दांबाबत फारच सावध राहिले पाहिजे. इथून फार दूर नसलेल्या महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, पण माणसांना होता, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. स्वतःला पाक ठेवणे ही इबादत आहे. दुसऱ्या जिवाला कायमचे हीन ठरवणे ही इबादत नव्हे.

मग सार्वजनिक वाटेवरचा नियम तहारतीवर बेतता येईल का? आमच्या मते नाही. कारण त्या वाटेवर आपण एकटे नाही. त्याच वाटेवरून पारशी चालतो. त्याच्या धर्मात कुत्रा पवित्र आहे आणि मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा जून १८३२ मध्ये मुंबईच्या पारशांनी दंगल केली होती आणि इतर समाजांचे लोकही त्यांना मिळाले होते. त्याच वाटेवरून दत्ताचा भक्त चालतो, ज्याच्या दैवताच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाचा भक्त चालतो, त्याच्याही देवाजवळ कुत्रा आहे. एकाला जे पवित्र ते दुसऱ्याला नजिस. वाट मात्र एकच आहे. म्हणून वाटेचा नियम असा हवा की जो कुत्रा पवित्र मानणाऱ्यालाही पटेल आणि नजिस मानणाऱ्यालाही.

असा नियम आपल्याच परंपरेत तयार आहे, हे किती जणांच्या लक्षात येते? तो तहारतीच्या प्रकरणात नाही, हकांच्या प्रकरणात आहे. पैगंबरांनी (स.) सहाबांना वाटेवर बसण्यास मनाई केली, तेव्हा त्यांनी आपली अडचण सांगितली की आमच्या बैठकी तिथेच होतात. त्यावर आदेश झाला की मग वाटेला तिचा हक द्या. तो हक कोणता, असे विचारल्यावर ज्या गोष्टी सांगितल्या गेल्या त्यांत नजर खाली ठेवणे आणि सलामला उत्तर देणे यांच्याबरोबर कुणाला त्रास न देणे हीही आहे. वाटेतून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा सांगितली गेली आहे. लोकांच्या वाटेवर आणि लोकांच्या सावलीत घाण करणाऱ्याबद्दल तर लानतीची ताकीद आहे. वाट आणि सावली! उद्यान म्हणजे दुसरे काय असते?

हा हुकूम माणसाला आहे, कुत्र्याला नाही, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. कुत्रा मुकल्लफ नाही, त्याला हुकूम लागू होत नाही. म्हणूनच तो त्याच्या मालकावर येतो. कुरआनमध्ये हजरत दाऊद आणि हजरत सुलेमान यांच्यापुढे आलेला एक खटला आहे. काही लोकांची मेंढरे रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरली होती. शेताचे नुकसान मेंढरांनी केले, पण जाब द्यावा लागला तो मेंढरांच्या मालकांना. यावरून आणि हदीसवरून फकीहांनी जनावर कधी मोकळे ठेवावे, कधी बांधावे, आणि नुकसान भरून कोण देईल याची बारकाईने चर्चा केली आहे. चावरा आहे हे माहीत असूनही कुत्रा मोकळा ठेवणाऱ्यास अनेकांनी जबाबदार धरले आहे. आपल्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या राखणीतल्याविषयी विचारले जाईल, हे वचन आपण घर, शाळा, संस्था यांना लावतो. गळ्यात पट्टा असलेल्या जनावराला ते सर्वांत आधी लागू व्हायला हवे.

तेव्हा वाटेचा हक म्हणजे प्रत्यक्षात काय? उद्यानात आणि पायवाटेवर कुत्रा पट्ट्याला बांधलेला असावा, आणि पट्टा त्याला आवरू शकेल अशा हातात असावा. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात दांडगा कुत्रा देणे म्हणजे दोघांनाही मोकळे सोडणे होय. समोरून कुणी आले तर कुत्रा आपल्या बाजूला घ्यावा, वाट आधी माणसाला द्यावी. कुणाच्या जवळ न्यायचा असेल तर आधी विचारावे. रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी, महापालिकेचा परवाना घ्यावा. आणि सोबत पिशवी ठेवून विष्ठा उचलावी. ही शेवटची गोष्ट अनेकांना कमीपणाची वाटते. पण मालकाने उचलली नाही तर ती कोण उचलतो? महापालिकेचा कंत्राटी सफाई कामगार. ज्या हातांनी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांची घाण उचलली, त्यांच्याच पदरात आपल्या शौकाचीही घाण टाकायची, यात कुत्र्यावरचे प्रेम आहे, पण माणसाविषयीची चाड नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. उलट जनावराला मारहाण करणे, उपाशी ठेवणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे कायद्याने वाटसरूचाही हक मानला आणि कुत्र्याचाही. पण कायदा चावा घेतल्यानंतर येतो. उद्यान सोडून गेलेल्या त्या बाईसाठी तो येत नाही. तिथे अदबच लागते.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे, पण तो पाळीव कुत्र्यांपासून तोडता येत नाही. सीवूड्समधल्या एका मोठ्या वसाहतीत भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून पेटलेला वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०२५ मध्ये न्यायालयाच्या अवमानाच्या प्रकरणापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्टच्या आदेशात निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटके कुत्रे हटवण्याचा आदेश झाला. न्यायालयात दोन्ही बाजू तावातावाने भांडल्या. पण ज्यांची कुत्री हौस फिटल्यावर मोटारीतून नेऊन दूरच्या सेक्टरात सोडून दिली जातात, त्यांच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. रस्त्यावर कधीकधी गळ्यात पट्ट्याचा वळ असलेला कुत्रा दिसतो, तो रस्त्यावर जन्मलेला नसतो.

इथे कुत्र्याच्या हकाची गोष्ट येते. मांजरीला बांधून ठेवले, खायला घातले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही, म्हणून एक स्त्री जहन्नमला गेली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ती ऐकून आपल्या इमारतींच्या गॅलऱ्यांकडे पाहावे. बर्फाच्या प्रदेशात गाडी ओढण्यासाठी तयार झालेला हस्की खाडीकाठच्या दमट उन्हाळ्यात चार बाय सहाच्या गॅलरीत दिवसभर धापा टाकत असतो. मालक नोकरीवर, मुले शिकवणीला. संध्याकाळी त्याला अर्धा तास खाली नेले की तो वेड्यासारखा धावतो आणि मग लोक म्हणतात, कुत्रा वाईट आहे. कुत्रा वाईट नसतो. त्याला रोज फिरवणे, शिकवणे, आवरणे यासाठी लागणारा वेळ ज्याच्याकडे नाही, त्याने तो पाळणे हाच जुलूम आहे. याउलट, मुले परदेशी गेलेल्या एखाद्या एकट्या वृद्धाचा दिवसभराचा बोलणारा सोबती तो कुत्राच असतो, हेही आपण विसरू नये. त्या वृद्धाला सोसायटीत तुच्छतेने वागवणे हाही वाटेचा हक मारणेच आहे.

उद्यानातून डोंगराकडे गेले की प्रश्न बदलतो. तिथे तक्रार करणारेच उरत नाहीत. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी असे आदिवासी पाडे आहेत. शहरातून रविवारी चढून आलेला मोकळा कुत्रा तिथल्या शेळीच्या मागे लागला, कोंबडी धरली, तर त्या घराची महिन्याची जमा जाते. पाड्यावरचा कुत्रा आपल्या धन्याचे घर आणि शेळ्या राखतो. हदीसमध्ये परवानगी असलेला कुत्रा अगदी हाच. शहरी कुत्र्याने त्याच्या हद्दीत शिरून त्याच्याशी भांडण उकरले तर दोष कुणाचा? कलावंतीण दुर्ग आणि प्रबळगडाच्या वाटेवर पायथ्याचे कुत्रे लोकांबरोबर वर चढतात. हौशी माणसे त्यांना बिस्किटे घालतात, फोटो काढतात आणि निघून जातात. अरुंद पायऱ्यांवर तोच कुत्रा पायात आला की त्याला लाथ बसते. एका दिवसाचे प्रेम ही जबाबदारी नव्हे.

माणसांच्याही पलीकडे रानाचे रहिवासी आहेत. कर्नाळ्याचे रान पक्ष्यांसाठी राखलेले आहे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला मोकळ्या कुत्र्याचा एक फेरफटका पुरतो. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. नेरुळच्या पाणथळीवरही हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हे पाहुणे उतरतात. त्यांच्यामागे कुत्रा धावला की सगळा थवा उडतो. पाहणाऱ्याला ते दृश्य सुंदर वाटते. पण पुढच्या प्रवासासाठी चिखलात चरून अंगात शक्ती साठवणाऱ्या पक्ष्याचे प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून वजा होत असते. आणि केवळ पाठलागच धोक्याचा आहे असे नाही. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाच्या विषाणूने १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह मारले, आणि २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेत गीरच्या वीसहून अधिक सिंहांच्या मृत्यूंमागेही तोच विषाणू आढळला. आपल्या कुत्र्याला लस न टोचता रानात नेणारा माणूस कुणाला काय देऊन येतो हे त्याला कधीच कळत नाही. ज्याला तोंड नाही, मत नाही, वकील नाही, त्याचा हक सर्वांत सहज मारला जातो. जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सगळे तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असे कुरआन सांगते. या उम्मतीत कुत्राही आहे आणि ज्याच्यामागे तो धावतो तो पक्षीही.

आता शेवटचा, थोडा अवघड मुद्दा. उद्यानात आपल्यापैकी कुणी ‘जरा कुत्र्याला धरता का’ असे म्हटले तर समोरच्याच्या चेहऱ्यावर कधीकधी एक भाव उमटतो, की हे धार्मिक लोक, यांना जनावरांचे प्रेम कुठले! त्या भावाला भिऊन आपली बरीच माणसे बोलतच नाहीत, वाट बदलतात. दुसरीकडे आपल्यातलेच काही जण बोलतात ते चढ्या आवाजात, जणू कुत्रा धरून ठेवणे ही इस्लामची जीत आहे. दोन्ही गोष्टी टाळता येतील. आपण आपला हक धर्माच्या नावावर मागायचे कारण नाही. तो वाटसरूचा हक आहे. कुत्र्याला घाबरणाऱ्या हिंदू आजोबांचाही तोच हक आहे आणि पाच वर्षांच्या ख्रिस्ती मुलीचाही. ‘काका, मला नमाजला जायचे आहे, कपडे जपावे लागतात, जरा पट्टा आवरता का?’ असे शांतपणे म्हटले तर दहांतले नऊ जण आवरतात. कुणी आवरला की ‘शुक्रिया’ म्हणावे, कुत्र्याचे नावही विचारावे. नाव विचारल्याने वजू तुटत नाही.

आणि हक मागणाऱ्याने आधी हक द्यावा. जुम्म्याच्या खुत्ब्याआधीच्या बयानमध्ये तहारतीचे मसले सांगितले जातात, ते हवेतच. त्यांच्याबरोबर विहिरीत उतरलेल्या त्या माणसाचीही गोष्ट सांगितली जावी. उन्हाळ्यात इमारतीच्या मागे पाण्याचे एक कुंडे ठेवायला कुठलाच मसलक मनाई करत नाही. मुलांना दगड टाकून द्यायला शिकवावे. त्याच वेळी हेही शिकवावे की अनोळखी कुत्र्यापासून पळू नये, त्याच्या पिल्लांना हात लावू नये, आणि चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. दया आणि सावधपणा एकाच धड्यात शिकवता येतात.

इतिहासकार वाकिदीने एक प्रसंग नोंदवला आहे. हिजरी सन ८ मध्ये मक्केच्या मोहिमेवर निघालेले हजारोंचे लष्कर चालले असताना पैगंबरांना (स.) वाटेत एक कुत्री दिसली. तिची पिल्ले तिला लुचत होती आणि ती गुरगुरत होती. त्यांनी एका सहाबींना तिच्याजवळ उभे केले, की लष्करातल्या कुणी तिला आणि तिच्या पिल्लांना त्रास देऊ नये. या प्रसंगात कुणी ती कुत्री पाक की नापाक हे विचारले नाही. तिच्यापासून लष्कराला धोका होता की लष्करापासून तिला, याचाही वाद झाला नाही. वाट सर्वांची होती, म्हणून तिथे एक जबाबदार माणूस उभा केला गेला, एवढेच. आपल्या उद्यानांत आणि डोंगरवाटांवर आज कुत्रेही पुष्कळ आहेत आणि माणसेही. उणीव आहे ती मध्ये उभ्या राहणाऱ्या त्या माणसाची. पट्टा ज्याच्या हातात आहे त्याने तो व्हावे. आणि ज्याच्या हातात पट्टा नाही, त्यालाही निदान हातातला दगड खाली ठेवता येईल.